तारीख मोठी, नावं खाली

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

बियाण्यांच्या कंपनीची डायरी यंदाही मिळाली. दर वर्षी ती दुकानात पडून राहते आणि तिच्या पानांवर मी शाई तपासते. यंदा लिहायचं ठरवलंय, कारण आज मी एका लग्नपत्रिकेत एकशे चौसष्ट नावं बसवली. आशीर्वाद, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, किलबिल, शिवाय पुढच्या निवडणुकीला उभे राहू पाहणारे तिघे. बोटभर जागा कोरी ठेवली नाही. उभ्या गेवराई तालुक्यात असं काम करणारं दुसरं कुणी असेल तर माझ्यासमोर आणून उभं करा.

गावाचं नाव इथं लिहिणार नाही. डायरी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. चकलांब्याला जाताना लागतं, एवढं पुरे.

बारा वर्षांच्या छपाईत मला एक गोष्ट कळली आहे, ती म्हणजे प्रूफ कुणी वाचत नाही. माणूस आपलं नाव शोधतो, ते कुणाच्या वर आहे आणि कुणाच्या खाली ते बघतो, आणि सही करतो. एकदा पत्रिकेत लग्नाची तारीखच टाकायची राहिली होती. सात जणांनी प्रूफ पाहिलं, सातही जणांनी नावांच्या चुका काढल्या. तारीख कुठाय हे नवरीच्या आजीनं विचारलं.

दुपारी विजयसिंहदादा आले, बरोबर त्यांच्या आई सत्यशीलाकाकू. सरपंच काकू आहेत आणि कारभार दादा बघतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामसभेची नोटीस करायची होती. तेवीस विषय, सगळे एका पानात, भोवती वेलबुट्टी, वर ‘जाहीर नोटीस’ भलं मोठं, आणि मजकुराच्या मागे पुसट छापात दादांच्या साहेबांचा फोटो. मी म्हटलं, दोन पानं करू.

दादा म्हणाले, “वहिनी, दोन पानं कोन बी करील. एका पानात बसवनारं तुमच्याबिगर हाय कोन?”

खरं सांगते, छाती फुगली. अक्षर आठ पॉइंटवर आणलं, ओळी एकमेकींना चिकटवल्या, दोन्ही कडा सुतासारख्या सरळ केल्या, आणि बसवून दाखवलं. काकूंनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला.

“लई बारीक हाय गं. काय लिव्हलंय हितं?”

“आई, गटारीचं हाय, रस्त्याचं हाय, नेहमीचंच. तू सही कर,” दादा म्हणाले. त्यांनी केली.

सरपंच होऊन तीन वर्षं झाली तरी बाईंना वाचायचा कंटाळा. मोठ्या घरच्या बायकांचं असंच असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

काल ग्रामसभा झाली, म्हणजे झालीच नाही. एकोणीस माणसं आली. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब. आज संक्रांतीचा तिळगूळ द्यायला दादा दुकानात आले ते हसतच. म्हणाले, “समदं तुमच्या नोटिशीमुळं, वहिनी!” सभेला माणूस आला नाही तरी छापणारीला बोल न लावता उलट थट्टा करायची, याला मन मोठं लागतं.

घरी हे मामंजींना सांगितलं. मामंजी म्हणजे माझे सासरे, शिवलिंगप्पा. पेठेतलं किराणा दुकान त्यांचं. ते गूळ तोलत होते, तोलतच राहिले. सुनेचं कौतुक झालं की यांच्या तोंडाला कुलूप लागतं.

१६ जानेवारी, गुरुवार

बाजाराचा दिवस. आज माझी इज्जत गेली आणि ती माझ्याच हातानं गेली.

भिवरामावशी भर दुपारी भाजी तशीच सोडून माझ्या दुकानात आल्या. लिंबाच्या झाडाखाली एकतीस वर्षं बसतात त्या. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिली मेथी त्यांच्याकडूनच घेतली होती. हातात माझीच नोटीस होती, चुरगळलेली.

“ही तू छापलीस?”

“हो.”

“मंग वाचून दाखव.”

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला वाचता येतं की. साक्षरतेच्या वर्गाला जात होता ना.

“यष्टीची पाटी वाचते मी. औषधाच्या पुडीवरची तारीख वाचते. ह्यातलं एक अक्षर उचलंना. डोळ्याम्होरं मुंग्या चालल्यात नुसत्या. तू वाच.”

मी सुरुवात केली. चौथ्या विषयाला ओळ चुकले, परत मागे गेले. नवव्याला पुन्हा चुकले. साहेबांच्या पुसट मिशा बरोबर बाराव्या विषयावर आल्या होत्या, तिथं कागद खिडकीशी न्यावा लागला. आणि सतराव्या विषयाला माझी जीभ थांबली. ‘सध्या आठवडी बाजाराकरिता वापरात असलेल्या जागेवर व्यापारी संकुल उभारणे व सदर बाजार ओढ्यालगतच्या जागेत स्थलांतरित करणेबाबत निर्णय घेणे.’

मावशी म्हणाल्या, “सकाळी दोघं फीत घिऊन आलते. लिंबाच्या बुडापसून मोजीत हुते. इचारलं तर म्हनले, नोटीस लागलीवती, तुमी वाचली न्हाई का? वड्याला कोन गिऱ्हाईक येतंय गं? म्हशी येत्यात डुंबायला. ही जागा गेली तर मी खानार काय?”

मी सतरावा विषय पुन्हा एकदा वाचला.

“तुला मालूम हुतं?”

“नाही मावशी. आईशप्पथ.”

“तुझ्या हातानं छापलं अन् तुला मालूम न्हाई?”

मजकूर पेनड्राइव्हवर आला, मी तो बसवला. वाचला नाही. मावशींनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि निघून गेल्या. मला वाटलं होतं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून स्वतःशी भांडतेय. मी छापणारी. मजकूर त्यांचा, सही त्यांची. माझा काय संबंध? असं चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा मावशींचा प्रश्न पुढं आला.

यांना फोन केला. श्रीशैल अंबाजोगाईला कॉलेजच्या ऑफिसात आहेत, शनिवारी येतात. त्यांना नियमबियम बरे कळतात. म्हणाले, “अगं, तहकूब सभेला कोरम लागतच नाही. पहिल्या सभेला लोक आले नाहीत की दुसऱ्या सभेला दहा डोकी बसवून काय वाट्टेल तो ठराव करता येतो. लोक येऊ नयेत हेच तर पाहिजे होतं त्यांना.”

म्हणजे दादा हसत होते ते यासाठी. एका पानात बसवणारी म्हणून माझी पाठ थोपटली ती यासाठी. अंगाचा तिळपापड झाला. वर त्यांच्या मोठ्या मनाबद्दल लिहिलं आहे, ते खोडणार नाही. राहू दे तसंच, मला परत परत वाचायला.

१९ जानेवारी, रविवार

दादांचा माणूस रामप्रसाद निरोप घेऊन आला. तहकूब सभा ३ फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, मारुतीच्या पारासमोर. “दादा म्हनले, जुनीच फाईल उघडा, वर ‘तहकूब’ टाका, तारीख बदला, झालं.”

“होईल,” मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात की माझी मलाच शंका आली.

मामंजींना याच वेळी घरात साफसफाई सुचली आहे. दुकानाला लागून रस्त्याकडची खोली आहे, तिच्यातली पोती आत हलवतायत. उंदीर झालेत म्हणे. मी इथं पेटून उठले आहे आणि यांना उंदरांचं पडलंय. म्हटलं, मामंजी, दादांच्या कामात मी काही गडबड केली तर? ग्रामपंचायतीचा गाळा आहे, काढून घेतील. म्हणाले, “तुज्या कामातलं तुला ठावं, पोरी. ते तिकडचं पोतं धर.” एवढाच आधार.

२३ जानेवारी, गुरुवार

चार दिवस फाईल उघडून बसले. दोन पानं करून पाहिली, शोभा नाही. लाल अक्षरं केली, कुस्त्यांच्या जाहिरातीसारखी दिसायला लागली. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक दिसेना. मला गच्च भरायचं कसं ते येतं. मोकळं कसं करायचं ते बारा वर्षांत कुणी मागितलंच नाही. गिऱ्हाइकाला कोरी जागा दिसली की ते म्हणतं, इथं मामाचं नाव घाला की, पैसे दिलेत पुऱ्या कागदाचे.

शेवटी दुकान बंद करून बाजारात गेले आणि मावशींच्या शेजारी पोत्यावर बसले. त्यांनी ये म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. मी बघत बसले. मावशी टोमॅटोचे वाटे लावत होत्या. सहा वाटे, सारखे, आणि प्रत्येक दोन वाट्यांत चांगली वीतभर जागा. पलीकडचा एक जण गाडीभर माल एकाच ताडपत्रीवर ओतून बसला होता. त्याच्यापुढून बायका न थांबता जात होत्या आणि मावशींपुढं थांबत होत्या.

“एवढी जागा मोकळी कावून सोडता, मावशी? आणखी चार वाटे बसतील.”

“बसतील की. अन् इकतील का?” त्यांनी दोन वाटे हातानं एकत्र सरकवले. “आता बघ. दोन हायती का येक? बाईला कळत न्हाई. कळत न्हाई म्हनल्यावर ती इचारीत बसत न्हाई, म्होरं जाती.” वाटे पुन्हा वेगळे केले. “ज्याचं त्याच्याजवळ पायजे. मिरचीसंगं कोथमीर, लिंबू. वांग्यात मिरची गेली तर कोनाला बी घावत न्हाई. अन् पैल्या नदरेला येकच गोष्ट. आज टमाटा सस्ता, तर टमाटा उच्च्यावर. समदंच उच्च्यावर ठिवलं तर मानसानं बघावं कुटं?”

“आणि तुमची पाटी? नाव?”

“माजं नाव वाचून कोन भाजी घितंय गं?”

मी उठले तेव्हा त्यांनी न मागता दोन लिंबं माझ्या हातात दिली. आठ दिवसांनी बोलल्या म्हणून बरं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज केलं. शब्दाला हात लावला नाही, हे इथं लिहून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर. एक काना, एक मात्रा इकडची तिकडं नाही. विषयांचा क्रमही तोच. शब्द त्यांचे, जागा माझी.

आधी साहेबांचा फोटो काढून टाकला. बारावा विषय ताबडतोब दिसायला लागला. मग वेलबुट्टी गेली. ती काढताना जीव तुटला, कारण ती वेल मी स्वतः काढलेली होती, पंधरा दिवस लागले होते. पण डोळा आत जायच्या आधी पानाफुलांत फिरत बसतो. गेली वेल.

तारीख, वार, वेळ आणि जागा, चारही एकत्र आणि अगदी वर. आधी तारीख पहिल्या ओळीत, वेळ सातव्या ओळीत आणि जागा तळाला होती, हे मला आज दिसलं. मांडणी मीच केलेली. ‘जाहीर नोटीस’ बारीक केलं. भिंतीवर चिकटवलेला कागद जाहीर नसतो तर काय असतो?

प्रत्येक विषय नव्या ओळीवर, आकडा बाहेर काढून, दोन विषयांत मोकळी जागा. प्रत्येक विषयातले कामाचे दोन-तीन शब्द ठळक, बाकी साधे. ‘आठवडी बाजार’ एकट्यालाच मोठं करावं असं हाताला फार वाटत होतं. नाही केलं. गटारीला जेवढं, तेवढंच बाजाराला. सगळे वाटे सारखे असले तर कुणी बोट दाखवू शकणार नाही.

उजवी कड सरळ करायचा हट्ट सोडला. ती सरळ करायला गेलं की शब्दांत भोकं पडतात आणि ओळ लंगडत चालते. डावी कड सरळ, उजवी जिथं संपेल तिथं. आणि ओळींत भरपूर अंतर. आपल्या अक्षरांना खाली उकार, वर वेलांट्या. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. बारा वर्षं मी त्यांची मारामारी लावत होते. शाई काळी, कागद पांढरा, अक्षर असं की हाताच्या अंतरावरून दिसावं.

A4 चं एक पान होतं, ते A3 ची दोन मोठी पानं झाली. सगळ्यात खाली नावं. सरपंच, उपसरपंच, सदस्य, आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून विजयसिंहदादा. मार्गदर्शक नावाचं पद कायद्यात नाही, पण त्यांच्या मजकुरात होतं. ते ठेवलं, आणि चांगलं ठळक ठेवलं.

२५ जानेवारी, शनिवार

प्रूफ दादांच्या मोबाइलवर पाठवलं. दुपारी ते गाडीतूनच दुकानासमोर थांबले, काच खाली केली, आणि माझ्यादेखत दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मोबाइलच्या पडद्यावर त्यांचं नाव आलं. मग सरकवून आईचं. मग उपसरपंचाचं, ते आपल्यापेक्षा बारीक आहे ना याची खात्री केली.

“‘विजयसिंह’च्या फुडं ‘मा.’ ऱ्हायलं की, वहिनी.”

“घालते.”

“मंग ओके. लावा.”

काच वर, गाडी पुढं. मी दुकानात येऊन इतकं हसले की पाणी प्यावं लागलं. मग ‘मा.’ घातलं. काकूंची सही रामप्रसाद घरून घेऊन आला.

२७ जानेवारी, सोमवार

नोटीस लागली. ग्रामपंचायतीचा शिपाई नेहमीप्रमाणे ऑफिसच्या दाराआड लावून आला. मी त्याच सही-शिक्क्याच्या नोटिशीच्या प्रती काढून एस.टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या फाटकावर आणि मारुतीच्या पारावर लावल्या. जाहीर नोटीस जाहीर ठिकाणी लावणं हा गुन्हा असेल तर लावा कलम.

गिरणीत उभी राहून पाहिलं. दळणाला आलेली साखराबाई, चौथी शिकलेली, डबा डोक्यावर तसाच ठेवून सरळ सतराव्या विषयापर्यंत वाचत गेली. मग डबा खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार शिव्या दिल्या. सगळ्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

२८ जानेवारी, मंगळवार

दादा आले. आज काच-बीच नाही, थेट दुकानात, टेबलावर हात आपटून.

“हे काय केलंत?”

“नोटीस.”

“कावून अशी केली? मी जुनी फाईल म्हनलो हुतो!”

“मजकूर जुनाच आहे, दादा. ताडून बघा. एक शब्द कमी-जास्त असला तर फुकट नवी करून देते.”

“शब्दाचं न्हाई बोलत मी.”

“मग कशाचं बोलताय?”

त्यांना सांगता येईना. लोकांना वाचता येतंय, ही तक्रार तोंडानं कशी करणार? मग सुचलं ते बोलले. “माजं नाव खाली टाकलं.”

“तुम्ही ओके केलं की. मा. सुद्धा तुमच्याच सांगण्यावरून घातलं.”

दारातून वळून म्हणाले, “गाळ्याचा करार एकतीस तारखेला संपतोय, वहिनी. ध्यानात हाय ना?”

“तारीख ठळक अक्षरात लक्षात आहे,” मी म्हटलं. तेव्हा आवाज चढा होता. ते गेल्यावर कपाटातून करार काढून पाहिला, तारीख खरीच होती. प्रिंटर, कटिंगचं यंत्र, कॉम्प्युटर घेऊन मी कुठं जाणार? गावात दुसरा गाळा नाही. आणि तरीही मागे फिरायचं मनात येत नाही. मलाच आश्चर्य वाटतंय.

२९ जानेवारी, बुधवार

मामंजींची खोली अजून संपेना. आज वायरमन बोलावलाय. मी म्हटलं, उंदरांसाठी लाइट? म्हणाले, “हां.” या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

३० जानेवारी, गुरुवार

भिवरामावशींनी एक प्रत मागून नेली आणि लिंबाच्या खोडाला सुतळीनं बांधली. आज बाजारात भाजी कमी आणि वाचन जास्त झालं. मावशी ओळीखाली बोट धरून इतरांना वाचून दाखवत होत्या, स्वतः. मध्ये एकदा अडखळल्या. मी मदतीला पुढं झाले तर हात वर करून थांबवलं. “दमानं वाचते मी. यितं मला.”

३१ जानेवारी, शुक्रवार

रामप्रसादनं येऊन गाळ्याची किल्ली मागितली. मी म्हटलं, ग्रामपंचायतीचं पत्र द्या, सही-शिक्क्यानिशी, आणि अक्षर जरा मोठं काढा. रामप्रसाद हसला, मग हसणं गिळलं. आठवडाभराची मुदत मिळाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजचं आजच लिहायला पाहिजे.

अकराला दहा कमी असताना पारासमोर उभं राहायला जागा नव्हती. तीनशेच्या वर माणूस. बायका पुढं बसल्या होत्या. टेबलावर सत्यशीलाकाकू मध्ये, बाजूला ग्रामसेवक आणि मागे दादा उभे. ग्रामसेवक नेहमीच्या वेगानं वाचायला लागले, एका श्वासात पाच विषय. पण आज लोकांच्या हातात मी वाटलेल्या प्रती होत्या, आणि पारावर नोटीस लावलेली होती. साखराबाई ओरडली, “दमा सायेब, आमी तिसऱ्यावर हाय अजून.” लोक हसले आणि ग्रामसेवकांना हळू यावं लागलं.

सतराव्याला भिवरामावशी उभ्या राहिल्या. पदर खोचलेला. म्हणाल्या, “एकतीस वरसं झाली मला त्या लिंबाखाली. ही जागा माज्या मालकीची न्हाई, मला मालूम हाय. पन ती काढून घेतली तर माजी चूल बंद. समद्यांम्होरं सांगते, मी वड्याला जानार न्हाई. मला हितून उचलून न्यावं लागंल.”

दादा पुढं झाले. म्हणाले, नोटीस चुकीची छापली गेली, काही लोकांनी राजकारण केलं, बाजाराचा विषय फक्त चर्चेला आहे, वगैरे. आवाज मोठा होता. लोक क्षणभर बावरले आणि मला वाटलं, गेलं हातातून.

तेवढ्यात काकूंनी समोरची प्रत ओढून घेतली. चष्मा न लावता. हात लांब करून धरली आणि ओळीखाली बोट ठेवलं, अगदी मावशींसारखं. एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लागल्या. “आठवडी… बाजार… सदर… बाजार… वड्यालगतच्या… जागेत…” माइक समोरच होता. तीनशे माणसं ऐकत होती. वाचून संपल्यावर त्यांनी मान वळवली.

“इजय, मला तर तू गटारीचं म्हनला हुतास.”

दादा काहीतरी कानाशी बोलायला वाकले. काकूंनी त्यांना हातानं बाजूला केलं. “माजी सही हाय हितं. मी वाचलं नव्हतं. आज वाचलं.” मग समोर बघून म्हणाल्या, “ज्येला बाजार हलवायचाय त्येनं हात वर करा.”

नऊ हात. ग्रामसेवकांनी लिहून घेतले.

“अन् ज्येला न्हाई हलवायचा?”

मी दोन्ही हात वर केले होते. ग्रामसेवक म्हणाले, बाई, एक खाली घ्या.

ठराव नामंजूर. मावशी उठल्या आणि भाजी आणायला निघून गेल्या. जाताना माझ्या गालाला हात लावला, त्याला मेथीचा वास होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल गाळा सोडला. पत्र आलं नाही, कुलूप मात्र मुदतीच्या आधीच आलं. मी सामान हातगाडीवर घालून रस्त्यावर उभी होते आणि कुठं जायचं ते ठरत नव्हतं. मामंजी आले, गाडीचा दांडा धरला आणि आपल्या दुकानाकडं वळवला. रस्त्याकडची खोली पांढरी रंगवलेली होती. टेबलाच्या उंचीवर तीन पिनांचे चार सॉकेट आणि बरोबर खिडकीशी उजेडाला जागा.

“मामंजी, हे उंदरांसाठी?”

“तुजी पैली नोटीस दुकानात आलती पुडी बांदायला. तवा वाचली म्या, भिंग लावून,” ते म्हणाले. “तू गप बसनार न्हाईस, मालूम हुतं.” आणि गूळ तोलायला गेले. पंधरा दिवस मी या माणसाबद्दल इथं काय काय लिहिलं आहे. तेही खोडणार नाही.

आज बाजार नेहमीच्या जागी भरला. अकराच्या सुमाराला सत्यशीलाकाकू आल्या. एकट्या, चालत. डोक्यावर पदर आणि हातात कापडी पिशवी. मी उठून खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. पिशवी टेबलावर पालथी केली. ठराव, निविदा, दाखले, करारनामे, सगळ्या झेरॉक्स.

“तीन वरसात जितं जितं माजी सही घेतली, ते समदं हाय. ग्रामसेवकाकडनं मागून आनलं. ते त्या नोटिशीवानी करून दे.”

“काकू, हे फार आहे. आणि दादा…”

“दादाचं मी बघते. मला डोळ्याला दिसत न्हाई असं समद्यांनी ठरवलं हुतं. मी बी तेच धरून बसले. त्या दिवशी दिसलं की मला. माजं डोळं धड हायती. शब्द बदलू नगंस. निस्तं दिसंल असं कर.”

मी वरचा कागद उचलला. दोन वर्षांपूर्वीचा ठराव. आठ पॉइंट, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, दोन्ही कडा सुतासारख्या सरळ, आणि भोवती माझी ती वेल. त्याच्या खालचाही तसाच, त्याखालचाही. जवळजवळ सगळे माझ्याच हातचे.

काकूंना सांगितलं, हे मीच केलेले आहेत. त्या म्हणाल्या, “ठावं हाय मला. म्हनून तर तुज्याकडं आले.”

मग त्या खुर्चीत बसल्या. मी कॉम्प्युटर चालू केला आणि पहिल्या कागदाची तारीख वर घेतली.